नवरा अंथरुणाला खिळला, तर बायकोच्या नुकसानीचा दावा कोणाच्या नावाने होतो?

धुऱ्यावरची (मूळ लेख)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. चार महिन्यांपूर्वी, दसऱ्याच्या आठवड्यात, दारव्ह्याच्या बाजारातून मोटारसायकलने परत येताना माझ्या पतीला मालवाहू पिकअपने मागून धडक दिली. मणक्याला मार बसल्यामुळे कमरेखाली संवेदना राहिलेली नाही आणि ती परत येण्याची आशा धरू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यांचे वय ३८ आहे. आमची चार एकर कोरडवाहू जमीन असून तीत पऱ्हाटी आणि तूर असते. हंगामात ते दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवून रोजही मिळवत असत.

अपघात त्यांना झाला, परंतु माझा दिवस कसा बदलला तेही सांगते. जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, आणि रात्रीही त्यात खंड पडत नाही. लघवीची पिशवी रिकामी करणे, अंग पुसणे आणि चादर बदलणे हे सगळे माझ्याकडे आहे. मी घरी ब्लाउज शिवत असे आणि वेचणीच्या दिवसांत मजुरीलाही जात असे. महिन्याला साधारण चार-साडेचार हजार रुपये हाती येत. अपघाताच्या दिवसापासून शिलाई मशीनवरचे फडके मी काढलेले नाही. यंदा आमचा स्वतःचा कापूससुद्धा मजूर लावून वेचला.

मागच्या आठवड्यात दिरांनी एक माणूस घरी आणला. गंभीर दुखापतीला विम्याचे अडीच लाख नियमाने मिळतात, कागदावर सही केली की काम झाले, असे तो म्हणाला. त्यात माझ्या मजुरीचे आणि शिवणाचे काय, असे मी विचारले. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "तुले त खरचटलंबी नाही बाई, मंग तुया दावा कायचा?" सही अजून झालेली नाही, परंतु दीर रोज विचारत आहेत.

पत्नीला स्वतःच्या नुकसानीचा दावा करता येतो की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

निवृत्त शिरस्तेदार

ताई, सर्वप्रथम सही थांबवा. मी मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले आहे आणि अशा घाईने केलेल्या सह्यांचे परिणाम पाहिलेले आहेत. तो माणूस सांगतो ती रक्कम खोटी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु पुढची गोष्ट त्याने सांगितली नाही. ही रक्कम रीतसर स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून प्रत्यक्ष नुकसान मागण्याचा, मोठा दावा संपुष्टात येतो, असे कायद्यातच लिहिलेले आहे. ३८ वर्षांचा कमावता माणूस कायमचा अंथरुणाला खिळला असता अडीच लाखांवर समाधान मानायला सांगणारा हितचिंतक नसतो, मग त्याला घरी कोणीही आणलेले असो.

दुसरे असे की, २०१९ च्या दुरुस्तीने आणि १ एप्रिल २०२२ पासून, कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची मुदत आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमचे चार महिने गेले आहेत.

पांढरकवड्याचा वकील

शिरस्तेदार काकांनी मुदतीचे सांगितले ते योग्यच आहे. मी ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो चांगला आहे आणि त्याचे सरळ उत्तर थोडे कडू आहे.

कलम १६६ मध्ये अर्ज कोणी करायचा हे ठरवून दिले आहे. दुखापत झाली असेल तर स्वतः जखमी व्यक्तीने, मृत्यू झाला असेल तर वारसांनी, आणि दोन्ही बाबतींत त्यांनी अधिकार दिलेल्या प्रतिनिधीने. म्हणजे पती हयात असताना पत्नी अर्जदार म्हणून स्वतःच्या नावाने उभी राहत नाही, फार तर त्यांची प्रतिनिधी म्हणून राहते. ही रचना जुनी आहे. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यानेही पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना भरपाईचा हक्क दिला, तो मृत्यू झाल्यावरच.

सहजीवन गमावल्याची भरपाई आपल्याकडे मिळते, परंतु तिचे आकडेही मुख्यतः मृत्यूच्या प्रकरणांतच ठरले आहेत. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती ४०,००० रुपये ठरवली आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. त्या हिशेबाने २०२० मध्ये ४४,००० आणि २०२३ मध्ये ४८,४०० रुपये झाले. २०१८ च्या मॅग्मा निकालाने पत्नीबरोबर मुलांना आणि आईवडिलांनाही तो हक्क दिला. ज्या घरात माणूस जिवंत आहे पण घर पार कोलमडले आहे, त्या घरातल्या बाईसाठी असा ठरलेला रकाना कायद्यात नाही. मला स्वतःला ही उणीव वाटते.

परंतु रकाना नाही म्हणून पैसा नाही, असे समजू नका. तुमचे नुकसान तुमच्या पतीच्या अर्जातून मागायचे असते आणि तिथे त्यासाठी भरपूर जागा आहे. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

दूरदेशी

मी मूळचा अमरावती जिल्ह्यातला, सध्या अमेरिकेत आहे. इकडे बहुतेक राज्यांत जखमी व्यक्तीच्या पतीला किंवा पत्नीला सहवास, आधार आणि घरकाम गमावल्याबद्दल स्वतंत्र मागणी करता येते. मात्र ती मूळ दाव्याला बांधलेली असते. जखमीचा दावा पडला की हीसुद्धा पडते, आणि बहुतेक ठिकाणी जखमीची जेवढी चूक ठरते तेवढी हिच्यातूनही वजा होते.

हा हक्क सुरुवातीला फक्त नवऱ्याला होता. जुन्या इंग्रजी कायद्यात नोकर जायबंदी झाला तर मालकाला त्याच्या सेवेची भरपाई मागता येई, आणि त्याच न्यायाने बायको जायबंदी झाली तर नवऱ्याला. आपल्या भाषेत सांगायचे तर सालदार आणि बायको एकाच पंक्तीत. बायकोला हा हक्क वॉशिंग्टन डी.सी.च्या अपील न्यायालयाने १९५० मध्ये हिटाफर खटल्यात मान्य केला. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र १९५२ मध्ये तो पत्नीला नाकारला आणि शेवटी १९८२ मध्ये तिथल्या संसदेने नवऱ्याचाच हक्क काढून टाकून दोघांना सारखे केले.

कास्तकार ७०

सर्वांची क्षमा मागून लिहितो. नवऱ्याची सेवा करणे हा आपल्याकडे धर्म मानला जातो. त्या सेवेचे तासाप्रमाणे पैसे लावणे मला बरे वाटत नाही. भरपाई औषधपाण्याची आणि बुडालेल्या कमाईची मागावी, एवढे पुरे.

पूर्णाकाठ

काका, पैसे नवऱ्याकडून कोणी मागत नाही, धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीकडून मागत आहेत. तुम्ही ज्याला धर्म म्हणता, त्याचा फुकट फायदा त्या कंपनीने का घ्यावा?

माझ्या घरी सहा वर्षांपूर्वी हेच झाले. आम्ही खामगावला दावा केला होता. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने मला विचारले, "तुम्ही पतीची देखभाल करण्यासाठी कोणाला पैसे देता का?" मी खरे तेच सांगितले की नाही, मीच करते. मला वाटले, चांगली गोष्ट सांगितली. आमच्या वकिलांचा चेहरा उतरला, कारण मदतनिसाच्या खर्चाच्या बाजूने एकही कागद आम्ही लावलेला नव्हता, आणि आता तर खर्चच होत नाही असे माझ्या तोंडून नोंदले गेले. शेवटी काही रक्कम मिळाली, परंतु मागितली होती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. धुऱ्यावरची ताई, तुम्ही आजपासून लिहून ठेवा. किती वाजता कूस बदलली, किती पिशव्या लागल्या, कोणत्या दिवशी कोणता रोज बुडाला, सगळे.

पांढरकवड्याचा वकील

पूर्णाकाठ ताईंच्या अनुभवापासूनच सुरुवात करतो. पत्नी विनामोबदला शुश्रूषा करते म्हणून त्या शुश्रूषेची किंमत शून्य होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८१ मध्येच, एका जखमी स्त्रीच्या प्रकरणात, घरच्या माणसाच्या फुकट सेवेचा लाभ अपघात करणाऱ्याला घेता येणार नाही, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या काजल प्रकरणात १२ वर्षांच्या जखमी मुलीसाठी दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, असे धरून त्याला वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणायचे तो) १८ लावला आणि या एकाच बाबीखाली २१,६०,००० रुपये दिले. त्यामुळे ताईंच्या कामाचा खरा रकाना "मदतनिसाचा खर्च" हा आहे, आणि तो लाख-दोन लाख ठोक रकमेत न मागता महिन्याच्या दराने व गुणकाने मागावा.

तुमच्या पतीच्या वयाला, म्हणजे ३६ ते ४० या गटाला, २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे १५ हा गुणक लागतो. मदतनिसाचा दर महिना ६,००० रुपये जरी न्यायालयाने धरला, तरी ६,००० गुणिले १२ गुणिले १५, असे १०,८०,००० रुपये होतात.

कमाईचे गणित वेगळे आहे. समजा न्यायालयाने महिना १०,००० रुपये उत्पन्न मानले. ४० वर्षांखालच्या स्वयंरोजगारी व्यक्तीला भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळतात, म्हणून १४,००० झाले. कमाईची क्षमता पूर्ण गेली असे ठरल्यास १४,००० गुणिले १२ गुणिले १५, म्हणजे २५,२०,००० रुपये. मृत्यूच्या प्रकरणात मयताचा स्वतःचा खर्च यातून वजा होतो, तशी वजावट जखमीच्या बाबतीत होत नाही. आता हे आकडे त्या अडीच लाखांशेजारी मांडून दिरांना दाखवा.

एक अडचण आधीच सांगतो. कंपनी म्हणेल की चार एकर जमीन जागेवरच आहे, तर शेतीचे उत्पन्न कसे बुडाले? न्यायालयेही पुष्कळदा फक्त देखरेखीचे आणि अंगमेहनतीचे नुकसान धरतात. म्हणून ही मेहनत आता कोण करतो आणि त्याला किती द्यावे लागते, हे दाखवणे भाग आहे. वेचणीला मजूर लावले असतील तर त्यांची नावे, दिवस आणि दर लिहून ठेवा. उद्या जमीन ठोक्याने द्यावी लागली तर लेखी करार करा. ज्यांचे ट्रॅक्टर ते चालवत असत, त्यांच्यापैकी कोणी साक्षीला आला तर उत्तम.

अपंगत्वाच्या टक्केवारीबाबतही सावध राहा. प्रमाणपत्रावर समजा ७५ टक्के लिहून आले, तर तेवढीच कमाई बुडाली असे होत नाही. २०१० च्या राजकुमार निकालात हे उलगडून सांगितले आहे: हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, तर त्याच दुखापतीने कारकुनाची नोकरी टिकूही शकते. तेव्हा प्रमाणपत्र नुसते दाखल करून थांबू नका, डॉक्टरांची साक्ष लावा. त्याच निकालात वेदना, जीवनातील सुखसोयींना मुकणे आणि पुढील औषधोपचार या बाबीही दिल्या आहेत. तुमच्या दोघांच्या सहजीवनाचे जे झाले, ते सुखसोयींना मुकण्याच्या बाबीखाली पतीच्या शपथपत्रात मोकळेपणाने लिहावे. तिथे लाजू नये.

कास्तकार ७०

माझे मत थोडे बदलले आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मात्र वकिलाची फी कुठून द्यायची, हा प्रश्न राहतोच. आमच्याकडे निकालाच्या रकमेतून टक्केवारी ठरवतात.

निवृत्त शिरस्तेदार

निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे हे बार कौन्सिलच्या नियमांत वर्ज्य आहे. गावोगाव ते चालते हे मलाही ठाऊक आहे. परंतु या ताईंना त्याची गरजच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. अर्ज पतीच्या नावाने जाणार असल्यामुळे त्यांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे.

दावा अपघात जिथे झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायाधिकरणात चालतो, त्यामुळे जवळचे न्यायालय निवडा. पती प्रवास करू शकत नसतील तर साक्ष घरी नोंदवण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज देता येतो. मी असे कमिशन निघालेले पाहिले आहे, बाजेशेजारी स्टुलावर टंकलेखक बसवून.

आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ताबडतोब करा. दोन अवयव निकामी झाल्यास तिच्यात दोन लाख रुपये आहेत. अर्जाला तीस दिवसांची मुदत असल्यामुळे विलंबाचे कारण लेखी द्यावे लागेल.

वाढोण्याचा

माझा प्रसंग उलट आहे, तरी लिहितो. अपघात माझ्या पत्नीला झाला आणि घर मी सांभाळले. कंपनीचे पहिले वाक्य होते की बाई गृहिणी आहे, उत्पन्न नाही. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२१ चा कीर्ती निकाल दिला. त्यात २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे आहेत: बिनपगारी घरकामाला बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. न्यायाधीशांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला. मी खाली मान घालून बसलो होतो, कारण अपघातापूर्वीची माझी मिनिटे ९७ सुद्धा भरली नसती.

धुऱ्यावरची

सर्वांचे आभार. दोन महिन्यांनी लिहीत आहे.

दिरांना मी वरचे गणित पतीच्या बाजेजवळ बसून वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर, त्या माणसाला पुन्हा घरी आणणार नाही, एवढेच म्हणाले. विधी सेवा समितीकडून वकील मिळाल्या आहेत आणि मुदतीला नऊ दिवस बाकी असताना अर्ज दाखल झाला. अर्जदार पती आहेत. मी साक्षीदार आहे.

आता एक लहानशी शंका आहे. पूर्णाकाठ ताईंनी सांगितल्यावर मी रोजच्या नोंदी हाताशी असलेल्या वहीत सुरू केल्या. ती माझी शिवणाची वही आहे. पुढच्या निम्म्या पानांवर गावातल्या बायांची नावे आणि ब्लाउजची मापे आहेत, छाती, कंबर, बाही, आणि कोणाकडून किती येणे आहे तेही. ही वही कोर्टात जाणार आणि परके वकील ती चाळणार, हे मला बरे वाटत नाही. मापांची पाने फाडून फक्त नोंदींची पाने दिली तर चालेल का?

पांढरकवड्याचा वकील

एकही पान फाडू नका. फाटलेल्या वहीवर पहिला प्रश्न हाच येतो की त्या पानांवर काय होते. शिवाय ती मापांची पाने तुमच्या शिवणकामाचा एकमेव लेखी पुरावा आहेत. शेवटचे माप कोणत्या तारखेचे आहे, ते एकदा पाहा.

धुऱ्यावरची

अपघाताच्या आदल्या दिवशीचे आहे. त्याच्या पुढच्या पानावर लगेच सलाइनचा खर्च लिहिलेला आहे.

निवृत्त शिरस्तेदार

मग ती दोन पाने समोरासमोर राहू द्या, ताई. मूळ वही दाखल करण्याआधी सर्व पानांच्या झेरॉक्स काढून घरी ठेवा आणि पुढच्या नोंदी नव्या वहीत सुरू करा. फक्त आवश्यक पानांवर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडावी, अशी विनंती तुमच्या वकील बाईंना करता येईल. बायांना आधी सांगून ठेवा. कोणाचे शिवलेले ब्लाउज तुमच्याकडे न नेता पडून असतील तर तेही जपून ठेवा.

धुऱ्यावरची

तीन आहेत. हातशिलाई आणि हूक लावायचे राहिले आहेत.